खरं लिहा, असं तू म्हणाली होतीस

मोखाडा, १४ जुलै १९४०

यमुनाबाई गोळे यांना,

बदलीच्या शाळेत हजर होऊन आज पंधरा दिवस झाले. चौकशीच्या वेळी माझी जी वही साहेबांपुढे ठेवली गेली ती परत मिळावी, एवढ्यासाठीच हे पत्र. ती बोर्डाची नव्हे. ट्रेनिंग कॉलेजात असताना आपण दोघींनी पुण्याला घेतलेल्या वह्यांपैकी ती एक आहे. आपलं काम झालं असेल तर पाठवून द्यावी. टपालाचा खर्च मी देईन.

इथे मुलं चौदा. घरून कागद येत नाहीत, म्हणून मजकूर आखडता घेते.

मॅबेल डिमेलो


उत्तन, ३ जून १९४६

यमू,

वर 'यमुनाबाई' लिहून दोनदा खोडलं. कॉलेजात चार वर्षं एका खोलीत राहिलेल्या बाईला बहुवचनात हाक मारणं मोखाड्याहून जमलं होतं. इथे घरी बसून जमत नाही.

सहा वर्षांनी तुझं पत्र आलं. माझ्या त्या पत्राचं उत्तर असेल असं वाटून मी आधी वहीच शोधली. वही नव्हती. निमंत्रण होतं. नवं सरकार आलं, बंद पडलेली योजना पुन्हा सुरू होतेय, दिवाळीच्या सुट्टीत भाईंदरला चाळीस शिक्षकांचं शिबिर आहे, आणि 'शिक्षकाने आपल्याच पाठाकडे कसं पाहावं' या विषयावर मी बोलावं. खाली तू लिहिलंयस, "तुझ्याइतकं प्रामाणिकपणे हे दुसऱ्या कोणी केलं नाही."

मी हसले. माझा भाऊ निकोलस ओटीवर दोरखंड उकलत होता. म्हणाला, "काय गो, कोनाचा लगीन हाय?"

चाळिसांपुढे काय सांगायचं ते आधी तुलाच सांगून बघते. चुकलं तर दुरुस्त कर. दुरुस्त्या करायची तुझी पद्धत चांगली होती.

अडतीस साली तू आमच्या किनाऱ्यावरच्या आठ शाळांची सुपरवायझर होऊन आलीस. योजना अशी की मुलांच्या हाती एक उद्योग द्यायचा आणि गणित, भूगोल, भाषा सगळं त्या उद्योगातून शिकवायचं. उद्योग वरून ठरून आला होता, सूतकताई. प्रत्येक मुलामागे एक टकळी आली. माझी मुलं कोळ्यांची, निम्मी हिंदू, निम्मी आमची ख्रिस्ती. त्यांनी टकळ्यांचे भोवरे केले.

दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की आम्ही पाच जण भाईंदरला तुझ्या खोलीवर जमायचो. मी उत्तनहून चालत यायचे. तू आम्हाला एक वही करायला लावलीस. पाठाच्या टाचणाची निराळी, ती निरीक्षकाला दाखवायची. या वहीत पाठ कुठे फसला, मुलं काय म्हणाली, आपण तेव्हा काय केलं, ते लिहायचं. "खरं लिहा," तू म्हणालीस, "ही वही तुमच्या-माझ्यातच राहील."

मी खरं लिहिलं. चंद्री नावाच्या दहा वर्षांच्या पोरीने टकळी खाली ठेवून विचारलं होतं, "बाय, माझी आय जाळा विनते. त्यो सूत न्हाय काय?" मी तिला गप्प बसवलं, हे मी लिहिलं. शनिवारी वाचून दाखवलं तेव्हा तू रागावली नाहीस. एवढंच विचारलंस, "गप्प बसवल्यावर तिने टकळी उचलली का?" नव्हती उचलली. दुसऱ्या आठवड्यात चंद्रीची आई वर्गात आली. खुर्ची दिली तर बसेना. जमिनीवर बसून तिने जाळ्याची गाठ दाखवली. त्यातून पोरांनी काय काय काढलं ते तुला ठाऊक आहे. एवढ्या भोकातून कुठला मासा सुटेल, कुठला अडकेल, म्हणून बोटांनी आणि मग पट्टीने मोजायला लागली. अपूर्णांक तिथेच शिकली. जाळ्याच्या सुताचा सण, म्हणजे ताग, कुठून येतो म्हणून नकाशा मागितला. आयांकडून गाठींची नावं लिहून आणली, ज्यांना अक्षरं जोडता येत नव्हती त्यांनीसुद्धा.

असा पाठ मला पुन्हा घेता आला नाही. तो तू माझ्याकडून घेववलास, हेही खरं, आणि ते मी चाळिसांपुढे सांगायला तयार आहे.

पुढचं सांगू का, ते कळव.

मॅबेल


उत्तन, १९ जून १९४६

यमू,

"जुनं उगाळून काय मिळणार" असं तू लिहिलंयस. तुला काय मिळेल ते मला सांगता येणार नाही. मी लिहिते.

एकोणचाळीसच्या जानेवारीत पुण्याचे मोठे साहेब योजना बघायला येणार होते. तू चार दिवस आधी माझ्या घरी आलीस. आईने तुला तांदळाची भाकरी दिली, ती तू खाल्लीस. ते तुझ्या घरी कधीच सांगितलं नसशील. म्हणालीस, "मॅबेल, त्यांना सूत बघायचंय. जाळं बघून ते म्हणतील आदेश पाळला नाही. एक दिवस टकळ्या काढ." मी म्हटलं, "मुलांना येत नाही कातायला." तू म्हणालीस, "मग तालीम घे."

तीन दिवस मी तालीम घेतली. कोणी काय विचारायचं, कोणी काय उत्तर द्यायचं, कुणी मध्येच हसायचं, सगळं बसवलं. साहेबांनी शेरा लिहिला की मुलांचे प्रश्न अत्यंत स्वाभाविक आहेत. तुझ्या नावाची शिफारस वर गेली.

हे सगळं मी वहीत लिहिलं, तुझ्या नावासकट, कारण तूच खरं लिही म्हणाली होतीस. शनिवारी मी ते वाचलं नाही. वही तुझ्या हाती दिली आणि तू एकटीने वाचलंस. वाचून मिटलीस. म्हणालीस, "बरं केलंस लिहिलंस."

मग वर्षअखेरीला मंत्रिमंडळ गेलं. नव्या साहेबांना योजना गुंडाळायची होती. त्यांनी तुझ्याकडे आठ शाळांचा अहवाल मागितला. तू काय हिशेब केलास ते मला नंतर एका शिक्षकाने सांगितलं. पद्धत चुकीची नाही, एका शाळेची शिक्षिका नालायक आहे, असं दाखवलं तर उरलेल्या सात वाचतील. दाखवायला पुरावा हवा. भरलेल्या वह्या तुझ्याकडेच राहायच्या, तेव्हा तो माझ्याच अक्षरात तुझ्या कपाटात होता.

ठाण्याच्या त्या खोलीत तिघे साहेब होते आणि टेबलाच्या कडेला तू. त्यांनी वाचलं, "आज भागाकार शिकवता आला नाही, दोष माझा." वाचलं, "आज कंटाळा आला म्हणून मुलांना नुसती कविता म्हणायला लावली." वाचलं, "आज रॉबर्टला छडी मारली, कारण भरतीची वेळ रोज पुढे का सरकते हा त्याचा प्रश्न मला येत नव्हता." हे वाचून झाल्यावर मधले साहेब माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बाई, हे तुम्ही लिहिलंय?" मी म्हटलं, "हो."

त्यांनी पान उलटलं आणि थांबले. मधलं एक पान नव्हतं. शिवणीजवळ पात्याने सरळ कापलेलं, अगदी व्यवस्थित, जसं तू सगळंच करतेस. त्या पानाच्या एका बाजूला तालमीची हकिकत होती. दुसऱ्या बाजूला काय होतं ते तू कापताना पाहिलंस का? भरतीचं कारण मी आमच्या पाद्रींकडून समजून घेतलं, रॉबर्टला वर्गासमोर सांगितलं, त्याची माफी मागितली, आणि त्याने मला आणखी एक प्रश्न विचारला, ते होतं. स्वतःला वाचवताना तू माझी माफीही कापलीस.

साहेबांनी विचारलं, "हे पान कोणी काढलं?"

तू शाईची दौत बघत होतीस.

मी म्हटलं, "मी काढलं."

मग त्यांनी लिहून घेतलं की शिक्षिकेने पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न केला. दोन वर्षांची बढती गेली आणि मोखाडा मिळाला. तुझ्या सात शाळांचं काय झालं ते तुला माहीत आहे. वर्षाच्या आत सातही जुन्या पद्धतीवर गेल्या.

आई त्रेचाळीस साली गेली. मी पोचले तेव्हा दफनाची मिस्सा होऊन गेली होती. याचा दोष मी तुला देत नाही. मोखाड्याहून यायला दीड दिवस लागतो, एवढंच.

मॅबेल


उत्तन, ७ जुलै १९४६

यमू,

तुझं पत्र चार ओळींचं. "तू मला वाचवलंस हे मी एक दिवस विसरले नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. शक्य झालं तर क्षमा कर." शाई फुटलेली आहे. रडून फुटली की टपालात भिजली, ते कळायला मार्ग नाही.

क्षमा मागितलीस म्हणून आता मलाही एक सांगणं भाग आहे. मागच्या पत्रात मी ते गाळलं.

तालमीच्या तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सगळ्यांनी पाठ केलं तरी चंद्री करणार नाही. ती साहेबांसमोरच विचारेल की आज जाळं का नाही. शाळा सुटताना मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "उद्या तू येऊ नकोस." तू असं सांगितलं नव्हतंस. हे माझं मलाच सुचलं. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मग कधीच आली नाही. हे त्याच पानावर होतं, तालमीच्या खाली.

तेव्हा त्या खोलीत मी "मी काढलं" म्हटलं ते तुझ्यासाठी, असं सहा वर्षं स्वतःला सांगत आले. मोखाड्यात त्यावरच जगले. पण ते पान नाहीसं झालेलं पाहून पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? सुटले असं वाटलं. तू कापलं नसतंस तर कदाचित मीच कापलं असतं. तुला वाचवलं हे निम्मंच खरं आहे, तेव्हा आभारही निम्मे ठेव.

गेल्या वर्षी बदली होऊन परत आले, आता पलीकडच्या गावच्या शाळेत आहे. मार्चमध्ये भाईंदरच्या बाजारात चंद्री दिसली. मासळीची पाटी घेऊन बसलेली, मांडीवर पोर.

"चंद्री ना गं तू?"

"व्हय बाय. वाकटी देव का?"

मी म्हटलं, "त्या दिवसानंतर शाळेत का आली नाहीस?"

तिने वाकटी कागदात गुंडाळली. म्हणाली, "तुमीच बोललाव, उद्या येव नको. कवा यायचा त्यो न्हाय बोललाव."

तीच पुढे म्हणाली, "आय बोलली, बायला तुजी लाज वाटली असल. मी बोलली, न्हाय, बाय बोलवल." मग दुसरं गिऱ्हाईक आलं.

बोलवायला मी दोनदा तिच्या घरापर्यंत गेले होते, तेव्हाच, एकोणचाळीस साली. दोन्ही वेळा तिची आई दारात जाळं घेऊन बसलेली होती आणि दोन्ही वेळा मी पुढे निघून गेले.

मोखाड्याच्या चौदा मुलांना मी पाढे घोकवले, कविता घोकवल्या, नद्या घोकवल्या. पाच वर्षं. निरीक्षकांचे शेरे उत्तम आहेत. त्या मुलांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि मी तशी वेळच येऊ दिली नाही. हा काळ तुझ्या खाती मांडायचा की माझ्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शिबिराला येईन. क्षमेचं बघू.

मॅबेल


उत्तन, १७ नोव्हेंबर १९४६

यमू,

शिबिर संपून दोन आठवडे झाले. मी नीट बोलले असं सगळे म्हणतात, तूही म्हणालीस. नीट बोलले म्हणूनच हे लिहितेय.

मी आले तेव्हा तू वह्या वाटत होतीस. केस पिकलेत तुझे. चष्मा लागलाय. प्रत्येकाच्या हातात वही ठेवलीस आणि तेच वाक्य म्हणालीस, शब्दही बदलला नाहीस. तुमच्या-माझ्यातच राहील. मला वाटलं, आता ही माझ्याकडे बघेल. तू खरंच बघितलंस. आणि हसलीस, जुन्या मैत्रिणीकडे बघून हसावं तशी.

मी ठरवून आले होते की उठून सगळं सांगायचं. उठले आणि जाळ्याचा पाठ सांगितला. मुलाचा प्रश्न कसा ऐकावा, उद्योगातून गणित कसं काढावं, आपलं चुकलेलं कसं लिहावं. टाळ्या झाल्या. ठाण्याच्या खोलीचा शब्द तोंडातून निघाला नाही. तुझी कीव आली असं म्हणायला मला आवडेल. पण मागे बोर्डाचे साहेब बसले होते आणि माझी पेन्शन अजून सहा वर्षं लांब आहे. मी घाबरले.

चहाच्या वेळी नवघरकडच्या शाळेतली एक मुलगी माझ्यापाशी आली. इंदू वैती. बावीस-तेवीस वर्षांची असेल. म्हणाली, "बाई, तुम्ही सांगितलंत तसं मी खरंच लिहू का? सगळं?"

मी इकडेतिकडे बघितलं. म्हटलं, "दोन वह्या कर. एकीत खरं लिही. ती घरी ठेव. दुसरी यमुनाबाईंना दे."

"दुसरीत काय लिहू?"

"पाठ फसला, पण थोडासाच. मग सुधारला. असं लिही."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला बाजारात वाकटी गुंडाळणारी चंद्री आठवली. म्हणाली, "मग घरच्या वहीचा उपयोग काय, बाई? ती वाचून प्रश्न कोण विचारणार?"

सहा वर्षांत मला एवढं साधं सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "रविवारी मिस्सा झाल्यावर माझ्या घरी घेऊन ये."

तुझ्यावर विश्वास ठेवू नकोस असं मी तिला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. शहाणी मुलगी आहे.

मॅबेल


उत्तन, ३ फेब्रुवारी १९४७

यमू,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली.

पहिल्यात तू लिहिलंयस की यंदाच्या वह्या फार चांगल्या येताहेत, शिक्षक मोकळेपणाने लिहितात, साहेब खूश आहेत, आणि तुला पुण्याला ट्रेनिंगची जागा मिळण्याचा संभव आहे. अभिनंदन. त्या वह्यांतल्या चार मी वाचल्या आहेत. तुला देण्याआधी मीच तपासून दिल्या. इंदूच्या वहीत एक पाठ पूर्णच यशस्वी झाला होता, तो मी थोडा फसवायला सांगितला, नाहीतर तुला संशय आला असता.

दुसऱ्या पत्रात तू लिहिलंयस की ते तुला कळलं. कोणी सांगितलं ते विचारत नाही. तू रागावली नाहीस, वर कळवलं नाहीस, याची नोंद घेतली. रविवारी आम्ही पाच जण माझ्या ओटीवर बसतो हेही तुला कळलंय. तू विचारतेस, "मी येऊ का? वही आणणार नाही, काही विचारणार नाही, नुसती बसेन. आपल्या शनिवारांसारखं मला पुन्हा कुठेच मिळालं नाही."

मलाही मिळालं नव्हतं.

काल तुझं पत्र मी त्या चौघांना वाचून दाखवलं. त्याआधी सगळं सांगितलं, पान, खोली, दौत, चंद्री. चाळिसांपुढे जमलं नाही ते चौघांपुढे जमलं. मग निवडणूक झाल्यासारखं झालं. डोंगरीकडच्या शाळेतले लीलाधर मास्तर म्हणाले, "येऊ द्या, बाई. वय झालं त्यांचं. चूक कळली असेल." आमच्याच शाळेतली ऑड्रे म्हणाली, नको, यमुनाबाई समोर असताना मी वाचणार नाही. तिसऱ्या बाई नको म्हणाल्या. इंदू म्हणाली, "येऊ द्यात. त्यांच्यासारखा प्रश्न आपल्यात कोणालाच विचारता येत नाही. तुम्हीच म्हणालात." मीच म्हणाले होते, हे खरं आहे.

दोन विरुद्ध दोन झाले आणि चौघं माझ्याकडे बघायला लागले.

तुला बोलावलं तर मंडळाचं भलं होईल हे मला दिसत होतं. तू आता वही कापणार नाहीस, बहुतेक. तू आलीस तर इंदू माझ्यापेक्षा तुझ्याकडून जास्त शिकेल. हे सगळं समोर असताना मी नको म्हटलं.

तेव्हा येऊ नकोस.

हे लिहिताना मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. बरं वाटलं. शिक्षिकेने मुलांचं नुकसान दिसत असताना स्वतःचा राग जपला, असं मी आज सकाळी माझ्या वहीत लिहिलंय, तारखेसकट. पुढच्या रविवारी ते मी चौघांसमोर वाचणार आहे. ते काय विचारतील ते मला माहीत नाही.

मॅबेल